दोन पत्ते

एल्पिडियाने ओव्हनमधून ट्रे बाहेर ओढला आणि सिल्वाना या क्रीमच्या मिठाईसाठी भाजलेल्या चकत्यांकडे बघत उभी राहिली. काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा फेस, सगळं मापात घेतलं होतं. तरी तिसऱ्या खेपेलाही चकत्या मधोमध तडकल्या होत्या.

"वरून क्रीम थापलं की कुणाला दिसतंय?" ग्लिसेराने एक तुकडा तोंडात टाकला. "चव झकास आहे. गिऱ्हाइकांना फक्त डोळे मिटून खायला सांग."

ग्लिसेरा तिची धाकटी बहीण. बाजारात तिचं शिवणाचं दुकान होतं. दुपारी ते बंद करून ती ताईकडे डोकावायची, आणि हल्ली जरा जास्तच डोकावायची.

फिलिपिन्समधल्या त्या डुमागेटे गावात एल्पिडियाला न ओळखणारं घर शोधावंच लागलं असतं. अठ्ठावीस वर्षं ती सुईण होती. तीन महिन्यांपूर्वी तिने प्रसूतिगृहाची किल्ली परत केली. "दमले. आता मिठाई करून विकणार," यापलीकडे ती कुणाशी काही बोलली नाही.

फ्रिजवर दोन पत्ते चिकटवलेले होते. एक प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला, एका थेरपिस्टचा. दुसरा ग्लिसेराने आणलेला, लिएझल नावाच्या लाइफ कोचचा.

"ठरवलंस का?"

"विचार करतेय."

"त्यात विचार कसला? थेरपिस्ट सगळं मागचं उकरणार. लहानपणी आई काय म्हणाली होती, वगैरे. आपली आई काय काय म्हणायची ते सांगायला बसलीस तर दोन वर्षं पुरायची नाहीत! कोच पुढचं बघते. आणि थेरपिस्टच्या दारात कुणी पाहिलं, तर रविवारी चर्च सुटायच्या आत गावभर होईल, सुईणबाईंचं डोकं फिरलं म्हणून."

"आणि कोचच्या दारात पाहिलं तर?"

"तर म्हणतील, बाई कंपनी काढतेय."

एल्पिडियाला हसू आलं. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. तिने हातातलं उलथनं खाली ठेवलं, दोन्ही हात ॲप्रनच्या आत घेतले आणि पोटाशी धरले. फोन वाजत राहिला, मग बंद झाला.

"प्रसूतिगृहाचा होता," ती म्हणाली.

"बघितलं मी." ग्लिसेराने ओट्यावरचा चुरा तळहाताने गोळा केला. बराच वेळ ती तोच चुरा गोळा करत होती. "ताई, कुणाकडे का होईना, पण जा. मी आपली बडबडते. तू माझं ऐकू नकोस, पण जा."

एल्पिडियाने कोचची वेळ घेतली. ते सोपं वाटलं. निघताना मात्र फ्रिजवरचे दोन्ही कागद काढून तिने पिशवीत टाकले.

औषधाच्या दुकानावरच्या खोलीत लिएझल बसायची. तिशीच्या आतली, नीटनेटकी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी पोरगी.

"मावशी, तुम्हाला आठवणार नाही, पण मी तुमच्याच हातची."

"नीम्फाची तू," एल्पिडिया लगेच म्हणाली. "पायाळू होतीस. साडेचार तास घाम काढलास आमचा."

लिएझल खळखळून हसली. मग तिने भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर तीन रकाने आखले आणि एक एक प्रश्न विचारायला लागली. वर्षभराने कुठे असायचंय? दुकान कुठे? रोज किती नग? एल्पिडियाने वर्गातल्या हुशार मुलीसारखी सगळी उत्तरं दिली. फळा भरत आला.

"आणि आधीचं काम का सोडलंत?"

"दमले."

"कधीपासून?"

"सोळा जानेवारीपासून."

लिएझलचा हात फळ्यावरच थांबला. तिने मार्करला टोपण लावलं आणि खुर्ची ओढून समोर बसली. तिने पुढे काहीच विचारलं नाही, आणि म्हणूनच बहुधा एल्पिडिया बोलू लागली.

डोंगरातली वाडी होती. सकाळची वेळ. बाईचं तिसरं बाळंतपण, मुलगा सुखरूप झाला, टाहो फोडून रडला. मग रक्त थांबेना. पावसाने दरड आली होती, जीप वर येऊ शकत नव्हती. चार जणांनी बाईला झोळीत घालून खाली आणलं. एल्पिडिया दीड तास झोळीबरोबर चालली, दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून धरत.

"जीपपाशी पोचलो तरी मी दाबतच होते," ती म्हणाली. "शेवटी एका माणसाने माझे हात उचलून बाजूला ठेवले."

"कुणी दोष दिला तुम्हाला?"

"कुणीच नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं बरोबर केलंत. तिचा नवरा नऊ दिवसांनी माझ्या घरी आला, कोंबडी घेऊन. बाळ वाचवलंत म्हणून." तिने पिशवी मांडीवर ओढली. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं. आता फोन वाजला की हात गार पडतात. या हातांनी कुणाचं मूल धरू?"

खाली रस्त्यावर तीनचाक्यांची घरघर चालली होती. लिएझल उठली आणि फडक्याने फळा पुसायला लागली.

"मावशी, हे मला जमणारं नाही."

"म्हणजे?"

"मी तुमच्याकडून वर्षाचा आराखडा करून घेईन. तुम्ही तो पुराही कराल. दुकान चालेल, आणि हात गारच राहतील. तुम्हाला खरंच दुकान काढायचं असेल, तर मी कधीही आहे. पण आज तुम्ही त्यासाठी आलेल्या नाही. हे काम वेगळं शिकलेल्या माणसाचं. कुणी नाव दिलंय तुम्हाला?"

एल्पिडियाने पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढून दिला. लिएझलने तो वाचला, नीट घडी घातली आणि परत केला.

"चांगल्या आहेत," ती म्हणाली. "वेळ आहे का विचारते, आणि मीच सोडते तुम्हाला. नाहीतर घरी जाऊन तुम्ही पुन्हा विचार करत बसाल."

स्कूटरवर मागे बसून एल्पिडियाने पोरीची कंबर घट्ट धरली. विद्यापीठामागच्या गल्लीत एका जुन्या घरात थेरपिस्ट बसायच्या; पडवीत बाक होता. काउंटरवरच्या वयस्क बाईने एल्पिडियाच्या हाती एक फॉर्म दिला. मग आत जाऊन आल्याचा गरम काढा एका निळ्या कपात घेऊन आली आणि काही न विचारता लिएझलच्या हातात ठेवला. पायरीवर झोपलेला तांबूस कुत्रा उठला, शेपटी हलवत आला आणि लिएझलच्या सँडलवर हनुवटी टेकून पुन्हा डोळे मिटून पडला.

लिएझल समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

कुणाला दिवस गेलेत, कोण ते लपवतंय, कोण एकटीच रडून आलीय, हे एल्पिडियाला आयुष्यभर न सांगता कळत आलं होतं. तिने फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग बाकावर जरा सरकली.

"उभी का? बस इथे."

लिएझल बसली.

"किती दिवस येतेयस इथे?"

"दोन वर्षं होतील." लिएझलने कप दोन्ही हातांत धरला होता. "माझ्याकडे येणाऱ्यांना कळलं, तर म्हणतील, हिचंच धड नाही."

"वार कुठला तुझा?"

"गुरुवार. तीन वाजता."

"मग मी गुरुवारी दोनची वेळ मागते. तुझं आटपेपर्यंत इथेच थांबेन. नंतर बाजारात जाऊन दोघी गरम चॉकलेट पिऊ."

"मावशी, हे तुम्हाला सोबत हवी म्हणून, की माझ्यासाठी?"

आतलं दार उघडलं आणि पिकल्या केसांच्या एका बाईंनी एल्पिडियाचं नाव घेतलं. एल्पिडिया उठली. तिने आपली पिशवी लिएझलच्या मांडीवर ठेवली.

"एवढी सांभाळ," ती म्हणाली, आणि आत गेली.