डॉक्टर चौगुलेचं पिवळं कार्ड

१९९९ साली रेशनकार्डांचे तीन रंग झाले. गरिबाला पिवळं, मधल्याला केशरी आणि ज्याचं रेशनवाचून काही अडत नाही त्याला पांढरं. कसबा बावड्यातल्या डॉक्टर गुंडू चौगुलेला पांढरं आलं.

डॉक्टर हे त्याचं नाव. बापानं, गुंडूनं, मोठ्या हौसेनं ठेवलेलं. पोरगा चौथीत तीनदा बसला आणि मग मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायला लागला. घरात आई धोंडुबाई, बायको तानूबाई, दोन पोरी. छपराला दोन ठिकाणी प्लास्टिकचा कागद लावलेला.

कार्ड घेऊन तो रेशन ऑफिसात गेला. क्लार्कनं नियमांचा कागद पुढं सरकवला.

"कुटुंबात डॉक्टर, वकील असला तर पिवळं मिळत न्हाय. तुमच्यात डॉक्टर हाय का?"

"मीच की."

"मग झालं."

"आवो, मी नुसता नावाचा डॉक्टर हाय."

"दवाखाना चालत न्हाय व्हय? त्येला सरकार काय करणार?"

बरीच हुज्जत घातल्यावर क्लार्कनं डॉक्टर नसल्याचा दाखला मागितला. असला दाखला कोण देतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. डॉक्टर राजारामपुरीत डॉ. संघप्रिया कांबळे यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं आणि लेटरहेडवर लिहून दिलं : 'डॉक्टर हे डॉक्टर नाहीत.' खाली सही केली, शिक्का मारला.

क्लार्कनं ते दोनदा वाचलं. "खाली सही डॉक्टरची हाय."

"व्हय. बाईंची."

"आणि वर लिवलंय, डॉक्टर हे डॉक्टर न्हाईत. मग ह्या बाईंचा दाखला कसा धरायचा?"

डॉक्टर बाकावर जाऊन बसला. तो उठेना, तेव्हा कंटाळून क्लार्कनं अर्जावर घरी जाऊन चौकशीचा शेरा मारला.

मंगळवारी इन्स्पेक्टर गणपतराव बावड्यात आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी विचारलं, "डॉक्टर आहेत का?"

"सकाळी नसत्यात," शेजारीण म्हणाली. "पाचनंतर भेटतील."

गणपतरावांनी वहीत लिहिलं : वेळ, पाचनंतर.

घर पाहून मात्र त्यांनी ती ओळ खोडली. तानूबाईनं बिनदुधाचा चहा दिला. कोपऱ्यातून धोंडुबाई म्हणाली, "सायेब, आमच्या डागदरचं काय केलंसा?"

गणपतरावांचं पेन थांबलं. "काय म्हणालात, आजी?"

"डागदर. पस्तीस वर्सं ह्येच तोंडात हाय."

त्यांनी नियमांचा कागद काढला आणि ओळीवरून बोट फिरवलं. डॉक्टर होता, वकील होता. डागदर कुठंच नव्हता. चहा संपवून त्यांनी अर्जावरचं नाव दुरुस्त केलं.

पंधरा दिवसांत पिवळं कार्ड आलं : डागदर गुंडू चौगुले. डॉक्टर ते हातात घेऊन उगाच बसून राहिला.

"काय झालं?" तानूबाईनं विचारलं.

"बानं ठेवलेलं नाव गेलं की."

"गहू आला न्हवं? उठा."

रेशन दुकानाच्या रांगेत दुकानदारानं "डागदर चौगुले" म्हणून तीनदा पुकारा केला. हा कोण नवीन माणूस म्हणून डॉक्टर मागं वळून बघत राहिला. शेवटी तानूबाईनंच त्याच्या हातात पोतं दिलं आणि त्याला पुढं ढकललं.