जाझवाला बाप, रॉकवाला जावई

पंजाबरावांचा ब्रास बँड वणीत आणि आजूबाजूच्या चार तालुक्यांत नावाजलेला होता. पण त्याहून जास्त नावाजलेले होते स्वतः पंजाबराव. वरात ऐन रंगात आली, नवरदेव घोड्यावर घामाघूम झाला, की हा माणूस सॅक्सोफोन तोंडाला लावून डोळे मिटायचा आणि ठरलेलं गाणं सोडून भलत्याच गल्लीत शिरायचा. नाचणारे थांबून एकमेकांकडे बघायचे. गाणं गेलं कुठं? पंजाबराव मात्र चार गल्ल्या फिरून, दोन भिंती ओलांडून बरोबर धृपदाच्या दारात येऊन उभे राहायचे. मग टाळ्या पडायच्या.

"याले जाझ म्हनते," ते घोड्याच्या मालकाला सांगायचे. ऐकायला दुसरं कोणी रिकामं नसायचं.

तरुणपणी नागपूरच्या रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडून त्यांनी ही विद्या मिळवली होती आणि जन्मभर जिवापाड सांभाळली होती.

साधना त्यांची एकुलती एक मुलगी. एरवी दवाखान्यात नर्स, लग्नसराईत बापाच्या बँडमध्ये ड्रमवर. शाळेत असताना एकदा ड्रमवाला ऐनवेळी आला नाही, म्हणून पंजाबरावांनी तिला बँडच्या हातगाडीवर, ड्रमपुढच्या स्टुलावर बसवलं होतं. ती बसली ती बसलीच. बाप गाणं सोडून भटकायला निघाला की खालचा रस्ता ती धरून ठेवायची. तो कुठंही गेला तरी परतायची जागा तिच्या ड्रमशेजारच्या झांजेवर शाबूत असायची. मात्र टाळ्या पडल्या की लोक सॅक्सोफोनकडे बघायचे. साधनाला त्याचं काही वाटत नसे. निदान तिला तसं वाटत असे.

एका एप्रिलमध्ये यवतमाळला जयंतीचा कार्यक्रम होता. तिथं भीमगीतं रॉकच्या अंगानं वाजवणारा एक ग्रुप होता आणि त्यांच्या ड्रमवाल्याचा हात प्लास्टरमध्ये गेला होता. कुणीतरी साधनाचं नाव सांगितलं आणि ती गेली. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये तालीम होती. गिटारवर होता संघदीप, तिथल्याच एका कारखान्यात फिटर. त्यानं पहिली तार छेडली आणि शेडचे पत्रे थरथरले. साधनाला वाटलं, आपल्या पायाखाली ट्रक सुरू झालाय. इथं झांजेची कुजबुज कामाची नव्हती. इथं मोठ्या ड्रमच्या पेडलवर पाय ठरल्या जागी आणि पुऱ्या वजनानं पडायला हवा होता, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. तो तसा पडला.

कार्यक्रम संपल्यावर संघदीप म्हणाला, "तुमचा पाय लय पक्का आहे."

वणीपर्यंत एसटीत ती खिडकीकडे तोंड करून हसत होती. तिच्या पायाचं कौतुक आजवर कुणीच केलं नव्हतं.

पुढं फोन सुरू झाले, तुमचं तुझं झालं आणि दिवाळी झाल्यावर एका रविवारी संघदीप आपल्या आईला, नलूबाईंना घेऊन रीतसर वणीला आला.

जयभीम झाला, पाणी झालं. साधनाची आई रुखमाबाई चिवड्याच्या बशा घेऊन आली. पंजाबरावांनी पाहुण्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"वाजवता म्हने तुम्ही काही?"

"हाव काका. गिटार. रॉक."

"रॉक," पंजाबराव म्हणाले. भातात खडा लागावा तसं तोंड झालं होतं. "म्हंजे तीन कॉर्ड, आन् आवाज इतका का चुकलं तरी ऐकू येत नाई. तेच न?"

साधनानं संघदीपकडे डोळे वटारून पाहिलं. मुलगी बघायला आलेल्या मुलानं अशा वेळी चिवडा खायचा असतो. पण संघदीपनं बशी खाली ठेवली.

"आमच्यात चुकलं तं अख्ख्या मैदानाले ऐकू जाते, काका. जाझवाला चुकला का तोच सूर पुन्हा वाजवते आन् म्हनते, मुद्दाम केलं. तशी सोय आमच्यात नाई."

नलूबाईंना ठसका लागला. रुखमाबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतःही प्याल्या.

"सोय?" पंजाबराव अर्धे उठले. "दर दोन मात्रांले कॉर्ड बदलते, त्यातून वाट काढा लागते, तेही जागच्या जागी! बोटाचं काम आहे, कानाचं आहे, डोक्याचं आहे. तुमच्या रॉकवाल्याले जमन का?"

"आन् एक सूर तानून धरून, तार वाकवून, बरोबर पट्टीत आनून अंगावर काटा उभा कराचा, हे जाझवाल्याले जमन का?"

"ते तं पोट्टे करते!"

"मंग करून दाखवा न!"

लग्नाची गोष्ट बाजूलाच राहिली. दोघं हातवारे करत होते, तोंडानं सूर काढून दाखवत होते, आणि विशेष म्हणजे दोघंही मजेत होते. हे साधनाच्या लक्षात आलं, पण आईचा चेहरा पडलेला होता. साधनानं मोकळा ट्रे टेबलावर आपटला.

"बस झालं! पुढच्या रविवारी बँडच्या दुकानात या. बाबा, तुम्ही याचं गानं वाजवा. संघदीप, तू बाबाचं वाजव. ड्रमवर मी."

"आन् लग्नाचं?" नलूबाईंनी हळूच विचारलं.

"तेही तवाच, मावशी."

तो आठवडा साधनाच्या आयुष्यातला सगळ्यात करमणुकीचा ठरला. पंजाबरावांनी मोबाईलवर संघदीपचं गाणं ऐकलं आणि खो-खो हसले. "पाच सूर? पाचच सूर घोळून घोळून? हे तं मी झोपेत वाजवीन." आणि सराव न करता चहा प्यायला निघून गेले. इकडे संघदीपचा फोन यायचा तो रडकुंडीला येऊन. "हे बाबाचं गानं कोनं केलं वं? एका कॉर्डवर हात बसते न बसते, तं दुसरा हजर! माहे बोटं बधिर होऊन राह्यले." साधना ड्यूटीवरच्या खोलीत तोंडावर रुमाल धरून हसायची.

रविवारी चंद्रपूर रोडवरच्या दुकानाचं शटर पूर्ण वर गेलं. बँडची पोरं आली, शेजारपाजार आला, समोरच्या चहाच्या टपरीवरचे ट्रक ड्रायव्हर कप हातात घेऊन आले. रुखमाबाई आणि नलूबाई पुढच्या खुर्च्यांवर बसल्या.

आधी संघदीप. त्यानं रात्रंदिवस घोकलेलं गाणं सुरू केलं आणि पंजाबरावांची भुवई वर गेली. बोटं सुरेख पळत होती, एक कॉर्ड चुकला नाही. मग पंजाबरावांनी सॅक्सोफोन उचलला आणि मध्येच एक लहानशी फिरत टाकली, माणूस दारात उभा राहून "आहात का घरी?" विचारतो, तशी. आता गिटारनं उत्तर द्यायचं. पण संघदीप घोकलेलंच पुढं वाजवत राहिला. साधनानं झांज हलकी केली, त्याला जागा करून दिली. त्यानं त्या जागेकडे पाहिलं, थबकला, घाबरला, आणि सगळं गाणं गडगडत खाली आलं.

"मले पाठ होतं," तो कपाळ पुसत म्हणाला, "पन ते मलेच काही विचारतीन, हे माहीत नव्हतं."

पंजाबराव इतके खूश झाले की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग मिशी पुसून स्वतः उभे राहिले. साधनानं पाय टाकला. धम्म. पंजाबरावांनी पाच सूर वाजवले. पुन्हा पाच. तिसऱ्या वेळी शेवटच्या सुराला एक छोटीशी मुरकी लागली.

"बाबा, पाचच," साधना ओरडली.

"बरं बरं."

पुन्हा सुरुवात. चौथ्या खेपेला पंजाबराव थेट गल्लीत शिरले. साधना थांबली.

"अरे, हात राहत नाई!" ते कळवळून म्हणाले. "सुरात सूर दिसते न मले पुढचा!"

"तो वाजवाचा नाई, काका," संघदीप म्हणाला. "तो फक्त मनात ठेवाचा. म्हनूनच त्या पाचांले वजन येते."

पंजाबराव पुन्हा पुन्हा करत राहिले. सदरा पाठीला चिकटला. एकदा पाच सूर अगदी नेमके, जड, एकामागून एक दगड ठेवावेत तसे आले आणि ड्रायव्हर मंडळींच्या माना आपोआप हलल्या. पण पुढच्या फेरीत मुरकी आलीच. सगळं दुकान हसलं. सगळ्यात मोठ्यांदा पंजाबराव हसले.

"हारलो बाप्पा," ते खुर्चीत बसत म्हणाले. "पन हाही हारला."

"हाव, मीही हारलो."

"मंग जिंकलं कोन?" एका ड्रायव्हरनं विचारलं.

तेव्हा नलूबाई बोलल्या. इतका वेळ त्या साधनाकडेच बघत होत्या. "काहून? ते बसली न तिथं. याचं बिघडलं तवा तिचं नाई बिघडलं. त्याहिचं बिघडलं तवाही नाई. दोन्ही तिलेच आलं. आन् तुम्ही दोघं आपलं एकमेकाले विचारून राह्यले."

पंजाबरावांनी मुलीकडे पाहिलं, जणू ते स्टूल आजच तिथं ठेवलंय. साधनाचे कान तापले. तिनं वाकून झांजेचा स्क्रू उगाच आवळला.

"वाजव, बेटा," पंजाबराव म्हणाले. "एकटी वाजव. आम्ही ऐकतो."

एकटीनं तिनं कधीच वाजवलं नव्हतं. तिनं आधी झांजेला हात लावला, बापाच्या जाझचं ते झोके घेणारं चालणं सुरू केलं. मग डावा हात त्याच्याशी गप्पा मारू लागला. मग पाय आला, लोहाऱ्याच्या शेडमधला. दोन्ही एकत्र कसे बसतील हे तिला माहीत नव्हतं; ते बसले. वर कुजबुज, खाली ट्रक. आपण आजवर दुसऱ्यांसाठी रस्ता धरून ठेवत होतो, आणि आज त्याच रस्त्यावर आपण स्वतः पळतोय, असं तिला वाटलं आणि ती वाजवता वाजवताच हसायला लागली. थांबली तेव्हा चहावाला स्वतः शिट्टी वाजवत होता. संघदीप टाळ्या वाजवायचं विसरून नुसता उभा होता.

"भाऊ, तारीख काढा," नलूबाई म्हणाल्या. "हे पोरगी मी सोडत नाई."

लग्न जानेवारीत झालं. बँडमध्ये आता गिटारही आली, तिचा भोंगा जनरेटरच्या हातगाडीवर बसला आणि वाद काही मिटला नाही. जावई-सासरे प्रत्येक वरातीत भांडत जायचे आणि भांडत यायचे. फक्त आता प्रत्येक गाण्यात साधनाच्या एकटीची जागा असायची, आणि ती यायच्या आधी पंजाबराव सॅक्सोफोन खाली करून लोकांना हातानं दाखवायचे, इकडे बघा.

मे महिन्यात फुलसावंगीला बँडमधल्या देवसिंगच्या मुलीचं, बबिताचं लग्न होतं. बंजारा तांड्यातल्या बाया गोल घोळ करून नाचत होत्या. बबिताची आजी भुरीबाई नाचता नाचता ड्रमपाशी आली, साधनाच्या हातातल्या काड्या काढून तिनं त्या पंजाबरावांच्या खिशात खोचल्या आणि साधनाला मनगटाला धरून घोळात ओढलं.

"अवो आजी, बँड थांबन न!"

"थांबत नाई," भुरीबाई म्हणाली.

संघदीपनं पंजाबरावांकडे पाहिलं, पंजाबरावांनी संघदीपकडे. मग ड्रमच्या जागी ठेका धरायला दोघंही एकदम पाय आपटायला लागले, एक थोडा पुढं, एक थोडा मागं, आणि बायांनी त्याच ठेक्यावर गिरकी घेतली.