भुऱ्याला सांभाळणारी टाकी

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. पाण्याची नव्हे हो! पाणी काय, कुणीही साठवतं. मी थंडी साठवते. माझ्या पोटात द्रवरूप नायट्रोजन असतो, बर्फही त्याच्यापुढे उबदार वाटावा इतका गार. त्यात बारीक नळ्या बुडवलेल्या असतात आणि नळ्यांत घोड्याचं गोठवलेलं वीर्य. घोडा गेला तरी त्याचं शिंगरू जन्माला येऊ शकतं, ते माझ्या जिवावर.

कारखान्यातून आले तेव्हा मी अशी चकाकत होते, की तबेल्यातल्या घोड्या मान वळवून बघायच्या. तबेला दोघी जावांचा. भुऱ्या घोडा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तो म्हातारा होऊन गेला आणि माझ्यात उरल्या एकाच खेपेपुरत्या नळ्या. त्या चिमणी नावाच्या घोडीसाठी राखून ठेवल्या होत्या. ती माजावर यायची तेवढी वाट होती.

पण धाकटीला कुठला धीर! रोज सकाळी माझं झाकण काढून ती आत वाकायची. "भुऱ्या, आहेस ना रे?" दर वेळी माझी थंडी वाफ होऊन उडून जायची. मला तोंड असून बोलता येत नाही, नाहीतर चांगली झापली असती.

एक दिवस थोरलीने लाकडी पट्टी माझ्यात बुडवून बाहेर काढली. पट्टी जेवढी पांढरी होते, तेवढा नायट्रोजन शिल्लक. जेमतेम टोक पांढरं झालं होतं.

"हे कुणी प्यायलं गं?"

"मी नुसती विचारपूस करत होते, जाऊबाई."

"विचारपूस करून त्याला पुन्हा मारशील. रडायचं तर झाकण लावून रड."

लगेच मला भरलं. पण नळ्या तगल्या होत्या का, कोण सांगणार? चिमणी माजावर आली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नळ्या कोमट पाण्यात धरल्या, शुक्राणू जिवंत आहेत का बघायला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. धाकटीचं तोंड एवढंसं झालं.

"पळतायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी भुऱ्यासारखे."

थोरली उगाचच माझं झाकण पुसत राहिली.

चिमणीला रेतन केलं, आणि तिच्या पुढच्या तपासणीत सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भाचा काळा ठिपका दिसला.

"एवढासाच?" धाकटी म्हणाली.

"तूही कधीतरी एवढीच होतीस," थोरली म्हणाली. "आता दारात मावत नाहीस."

आता धाकटी रोज चिमणीच्या पोटाला कान लावते. मी रिकामी, कोपऱ्यात. मित्रांनो, जपायचं म्हणजे सारखं उघडून बघायचं नसतं. झाकण जागेवर राहू द्या, आत किती उरलंय ते वेळेवर बघा. आणि जुनं झालं म्हणून आम्हाला भंगारात काढू नका. माझ्या अंगावर पोचे आलेत, पण थंडी अजून धरते.

परवा थोरली धाकटीला म्हणाली, "हिला पुसून ठेव गं. चिमणीला घोडा झाला, तर पुढे त्याच्या नळ्यांसाठी हिचं काम पडेल."