ढिल्या रबराचं दार

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे. अंडी उबवणारा नव्हे. माझ्या पोटात माणसाची कातडी वाढते.

भाजलेल्या माणसाच्या धड राहिलेल्या जागेवरून कातडीचा छोटासा तुकडा काढतात. त्यातल्या मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून नवी कातडी तयार होते त्या, काचेच्या बशीत घालून माझ्या हवाली करतात. मी त्यांना अंगाएवढी ऊब देतो. काही आठवड्यांत दुधावरच्या सायीसारखा पातळ पडदा तयार होतो. तो जखमेवर लावतात.

मी नवा होतो तेव्हा लोक मला मुद्दाम बघायला यायचे. पुढे माझ्या दाराचं रबर ढिलं झालं. ऊब निसटू लागली, पेशी रेंगाळू लागल्या. प्रयोगशाळेतल्या ताईंनी दुरुस्ती मागितली.

"चालतंय ना? मग चालू द्या," साहेब म्हणाले.

ताईंनी चिकटपट्टी लावली.

मग लाँड्रीत काम करणाऱ्या एका बाईंची कातडी माझ्याकडे आली. बॉयलरच्या वाफेने त्यांची पाठ, पोट, हात भाजले होते. त्यांचा नवरा रोज प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभा राहायचा.

"ताई, वाढतेय का?"

"वाढतेय. सावकाश."

"सावकाश? मग ती आमच्या हिची नव्हेच. हिच्या पायाला भिंगरी आहे."

ताई हसल्या. तेवढ्यात त्याला पट्टी दिसली.

"हे काय? घरी कुकरची रिंग गेली तर ही मला जेवायच्या आधी बाजारात पिटाळते."

ताईंचं हसू मावळलं.

पडदा आठवडाभर उशिरा तयार झाला. तोवर उघड्या जखमांतले जंतू रक्तात भिनले होते. पडदा लावायच्या आदल्या संध्याकाळी बाई गेल्या.

नवरा आला. "ताई, ती बशीतली... अजून जिवंत आहे?"

"हो."

"मग कुणाला तरी लावा."

"दुसऱ्याच्या अंगावर ती टिकत नाही, दादा."

तो जायला वळला. मग म्हणाला, "मी बाहेर जातो. मग काढा."

ताईंनी बश्या काढल्या. त्याच जागी एका वेल्डरची कातडी ठेवली आणि दारावर नवी पट्टी लावली.

मित्रांनो, माझी कीव करू नका. यंत्र म्हातारं होणारच. पण कसंबसं चालणाऱ्या यंत्राच्या भरवशावर कुणीतरी अंथरुणात पडलेलं असतं. "चालतंय" म्हणण्याआधी ते कोण आहे, एवढं विचारा. वेल्डर अजून जिवंत आहे. माझं रबर आज बदला.