सगळ्यात लहान मूठ

चोपन्न सालच्या फेब्रुवारीत जऊळक्याची लूथरन ख्रिस्ती मंडळी बंद झाली, असं मिशनचा कागद म्हणतो.

तसं काही झालेलं नाही. मंडळी चालू आहे. मागच्या रविवारी हजर एक, गैरहजर कोणी नाही. इतकी चांगली हजेरी आमच्याकडे पूर्वी कधीच नव्हती. सात घरं होती तेव्हा माझ्या आजाला, जानरावला, दर रविवारी कोणाच्या ना कोणाच्या दारात जाऊन खाकरावं लागायचं.

ती सात घरं एकेक करून अकोल्याच्या नि नागपूरच्या गिरण्यांकडे गेली. जाताना प्रत्येकजण म्हणाला, "येतो बरं, सेवादास." सेवादास म्हणजे मी. वय तेवीस, काम जऊळका स्टेशनावर दिव्यांत रॉकेल घालायचं. आजा आधीच गेला होता. माझी आई पंचफुला मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. ती 'येतो' म्हणाली नाही. तेव्हापासून मंडळी म्हणजे मी. प्रार्थनाघरात पुढं उभं राहून "प्रभू तुम्हांबरोबर असो" म्हणतो, मग लगबगीनं बाकावर जाऊन बसतो आणि "तुमच्याही बरोबर असो" असं उत्तर देतो. सुरुवातीला धाप लागायची.

कापणीच्या सणाला घरचं पीक देवापुढं ठेवून त्याचा लिलाव करायची आमची रीत आहे. मी एक कोहळं ठेवलं. पुकारा मीच केला, बोलीही मीच लावली. पण रंगात येऊन स्वतःवर इतकी चढवली, की शेवटी ते आम्हां दोघांनाही परवडेना. कोहळं अजून तिथंच आहे.

पण आमची खरी रीत मुठीची. दळायला बसण्याआधी ज्वारीची एक मूठ देवाच्या गाडग्यात टाकायची. रविवारी ते गाडगं प्रार्थनाघरातल्या कणगीत रितं करायचं. आखाडात ज्याची चूल पेटत नसेल त्यानं, तो कोणत्याही जातीचा असो, तिथून धान्य न्यायचं. यात आजाचा एक नेम होता: घरात ज्याची मूठ सगळ्यात लहान, त्यानंच टाकायची. "लेकराले मोजता याच्या आंधी देता आलं पायजे," तो म्हणायचा. "मंग जनमभर मोजत बसलं तरी चालते."

मी दोन वर्षांचा असल्यापासून टाकतोय. माझ्यानंतर घरात दुसरी मूठ जन्मली नाही. आता माझा पंजा फावड्याएवढा झाला, तरी घरातली सगळ्यात लहान मूठ तीच. सगळ्यात मोठीही तीच. बाकी कशाचं मला फार वाटत नाही. पण आजाची रीत पुढं द्यायला कोणाचा तरी हात लागतो, आणि ती माझ्याच हातात संपणार, हे मला दळताना रोज आठवायचं.

दसऱ्यानंतर एका रविवारी कणगीत पांढऱ्या ज्वारीवर मूठभर मूग दिसले. पुढच्या रविवारी पुन्हा. पहिला संशय उंदरावर गेला, पण उंदीर आणून ठेवतो हे पटेना. दुसरा संशय देवावर गेला, पण त्यानं मूगच कशाला दिले असते? तिसऱ्या रविवारी उपासना संपवली, सगळ्यांना निरोप दिला आणि कणगीमागं लपून बसलो.

दार ढकलून कमलीबाई आली. रुळांपलीकडच्या तांड्यातली, साठीची, दंडापर्यंत बांगड्या. आली, मूग टाकले, वळली.

मी उठलो. "कमलीमाय, हे काय करून राह्यली तू?"

ती दचकलीसुद्धा नाही. "अन् तू उंदरावानी कायले लपून राह्यला?"

"ही मंडळीची कणगी हाय. हिच्यात मंडळीच टाकते."

"कोन मंडळी?"

"मी."

"अन् बाकीची?"

"तेबी मीच."

तिनं रिकाम्या बाकांकडं पाहिलं, मग कोहळ्याकडं. "तुह्या मायनं मले दोन आखाड जवारी देल्ली. तवा तिनं इचारलं काय, तू कोन्या मंडळीची म्हून?"

"घेनाऱ्याले नाई इचारत, माय. नेम देनाऱ्याले हाय. सगळ्यात लहान मुठीनं टाकाचं."

"दाखव बरं तुही मूठ."

दाखवली. तिनं आपली शेजारी धरली. जन्मभर रुळांची खडी उचलून तिची बोटं आत वळली होती. मूठ लिंबाएवढी.

"बोल आता. लहान कोनाची?"

आजाच्या नेमात वयाचा उल्लेख नव्हता. मी देवाचं गाडगं तिच्या स्वाधीन केलं.

त्यानंतर ती रोज माझ्या दळणाआधी यायची, मूठ टाकायची आणि बोलणी ऐकवायची. "लगन कर पोट्ट्या. मी साठीची मानूस, तुह्या घरचं लहान लेकरू कवापावतर होऊ?" उपासनेला मात्र आली नाही. म्हणायची, "मले माहा देव हाय. त्याले एकट्यानं बसता येते. तुले येत नाई."

पौषात तिचा तांडा खडी फोडायला खांडव्याकडं निघाला. फलाटावर तिनं पदराखालून एक छोटी करवंटी काढून दिली. "हिच्यात माही मूठ बराबर मावते. मोजून पाह्यली. रोज हिनं टाकजो. तुह्या फावड्यानं टाकू नको, नेम मोडन."

"कवा येशीन?"

"येतो न."

सात घरं म्हणाली होती, अगदी तसंच. गाडी गेली. मी दिवे पुसायला घेतले. दुपार होती, दिवे लागायला पुष्कळ वेळ होता.

मग फेब्रुवारीत मिशनच्या कचेरीचा छापील कागद आला. तीनपेक्षा कमी सभासद असलेली मंडळी पटावरून कमी करण्यात आली आहे. बाकं आणि कणगी महिनाअखेर अकोल्यास जमा करावी. खाली रकाने होते: सभासद, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. सभासद एक नि मृत्यू एक, एवढंच मला भरता आलं. मागच्या कोऱ्या बाजूवर मी उत्तर लिहिलं:

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. जऊळक्यास सभासद एक आहे, हे खरे. तथापि मुठी दोन आहेत. पैकी लहान ती कणगीत करवंटीने पडते, मूठवाली परगावी असल्याकारणाने. तिला मंडळीत यावयाचे नाही. तिला फक्त द्यावयाचे आहे. कोहळे पाहिजे असल्यास न्यावे, हरकत नाही. सबब विनंती की, पटावर 'मुठी' असा नवीन रकाना आखून त्यात दोनचा आकडा भरावा, आणि कमलीबाई परत येईपर्यंत, किंवा तिच्याहून लहान मूठ या घरी जन्मास येईपर्यंत, यांपैकी जे नंतर घडेल तोपर्यंत, कणगी जागची हलवू नये."