लोण्याचा वास

धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. तिच्या बाळंतपणासाठी मी दोन महिने तिच्याकडे राहिले. एक बाळ मांडीवर, दुसरं खांद्यावर, आणि समोर थोरली नात वही घेऊन बसलेली. तिचा अभ्यास घ्यायला घरात कोणाला वेळ नव्हता, म्हणून ती माझाच अभ्यास घ्यायची. "आजी, हा क नाही, फ आहे. किती वेळा सांगायचं तुला?" अशी बोलणी खात खात, साठीला टेकल्यावर मी अक्षरं शिकले.

त्या आनंदातच मी कामावर परतले आणि पहिल्याच सकाळी मालकीणबाईंना म्हटलं, "मला आता लिहिता-वाचता येतं." कोणी विचारलं नव्हतं. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या या बढाईतून झाली.

आमचा बिअरचा कारखाना लहान. सहा टाक्या, एक थंड खोली, पुढे रस्त्याकडे उघडणारी विक्रीची खोली. मी टाक्या आणि पेले धुवायची. बिअर करायचे उस्ताद. त्यांना सगळे उस्तादच म्हणत, मालकीणबाईसुद्धा. मिस्त्री पंप आणि नळ्या दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात सगळ्यांची टिंगल.

उस्तादांची पिल्सनर नावाजलेली होती, जर्मन पद्धतीची. या बिअरला काही लपवता येत नाही. काळ्या, दाट बिअरमध्ये एखादी चूक खपून जाते. ही फिकट सोनेरी, पेल्यापलीकडचं बोट दिसावं इतकी नितळ. वर पांढराशुभ्र फेस, तो टिकायला हवा. नाकाला पावाच्या ताज्या कडेचा वास, त्यामागे वाळलेल्या गवताचा आणि थोडा फुलांचा. शेवटी कडवटपणा यावा आणि जीभ कोरडी, स्वच्छ राहावी.

तिचा वैरी एकच, लोण्याचा वास. टाकीतलं आंबण्याचं काम संपत आलं की बिअर लगेच गार करायची नसते. दोन-तीन दिवस जरा उबेला ठेवायची, म्हणजे यीस्ट आपला पसारा आपणच आवरतं. घाई केली तर बिअरला वितळलेल्या लोण्याचा वास राहतो. तो गेला की नाही हे बघायला उस्ताद पेलाभर बिअर काढून गरम पाण्यात धरायचे, म्हणजे दडलेला वास वर येतो, मग निववून माझ्यापुढे करायचे. मला ते बाई म्हणत, बाकी सगळे मावशी.

"बाई, बघ."

"लोणी आहे, उस्ताद."

"बरोबर. मग थांबू."

पंप चालू असला की बोलणं ऐकू यायचं नाही. तेव्हा मी अंगठा बोटावर चोळून दाखवायची. चोळला तर लोणी आहे, तळहात उघडला तर नाही. अकरा वर्षं हे चाललं होतं. मला वाटायचं, उस्ताद माझी परीक्षा घेतात. दर वेळी 'बरोबर' ऐकलं की मी दिवसभर खुशीत टाक्या घासायची.

मी लेकीकडे होते त्या दोन महिन्यांत एक अख्खी टाकी लोण्याच्या वासासकट बाहेर गेली. गिऱ्हाइकांनी परत आणून आपटली. मालकीणबाई तेव्हापासून तापलेल्याच होत्या. माझी बढाई ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता मावशीसुद्धा लिहील. यापुढे कानगोष्टी बंद. चौघांनी चाखायचं, चिठ्ठीवर लिहायचं, घडी करायची, मग सगळ्या एकदम उघडायच्या."

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सोमवारी एका दुसऱ्या माणसाला भेटायला बोलावलंय. ज्याचं नाक चालत नाही, त्याला मी टाकीपाशी उभं करणार नाही."

हे त्या कोणाविषयी बोलत होत्या ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. उस्ताद नळाची तोटी पुसत राहिले.

शुक्रवारी सकाळी अकराला आम्ही बसलो. तंबाखू नाही, अत्तर नाही, चहासुद्धा तासभर आधीच संपवायचा. मी पेले तीनदा विसळले होते, तरी चौथ्यांदा उन्हाला धरून बघितले. मालकीणबाईंनी आतल्या खोलीत ओतून प्रत्येकापुढे तीन पेले ठेवले. वर बशी झाकलेली, खाली चिकटपट्टीवर आकडे.

"दोन पेले एकच आहेत. एक वेगळा. कुठला आणि काय वेगळं, ते लिहा. बोलायचं नाही."

"गिळायचं की थुंकायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्ही कधी थुंकलात?"

"नाही, पण विचारून ठेवलेलं बरं."

कोणी हसलं नाही. मला धास्ती होती ती लिहिण्याची. 'लोणी'तला णी मला धड जमत नव्हता.

पहिला पेला स्वच्छ होता. पावाची कड, गवत, सगळं जागच्या जागी. दुसऱ्यावरची बशी उचलली मात्र, लोणी भसकन नाकात शिरलं. मालकीणबाईंनी वरून लोण्याच्या वासाचे थेंब टाकले असणार, इतकं ते ढळढळीत होतं. मिस्त्रींनीही तोंड वाकडं केलं. मी सुटकेचा श्वास टाकला. एवढं सोपं आहे, तर उस्तादांना काय भीती?

मग मी त्यांच्याकडे पाहिलं.

दुसरा पेला त्यांच्या नाकाशी होता. चेहरा कोरा. त्यांनी तो ठेवला, तिसरा उचलला, परत पहिला, परत दुसरा. घोट घेतला, तोंडात फिरवला. कपाळावर घाम होता आणि खोली तर थंड होती. पाण्याचा पेला हुंगावा तसे ते लोणी हुंगत होते.

तेव्हा मला आठवलं. अकरा वर्षांपूर्वी उस्ताद टाकीच्या शिडीवरून पडले होते. डोक्याला मागून मार लागला, तीन आठवडे घरी होते. परत आले त्याच आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा पेला माझ्यापुढे केला होता. "बाई, बघ." परीक्षा कसली? माझ्या उत्तराशिवाय त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. आणि मी बढाई मारून ते उत्तर घडी केलेल्या चिठ्ठीत कोंडलं होतं.

मालकीणबाई खिडकीशी होत्या, आमच्याकडे तोंड करून. उस्तादांनी नजर वर केली आणि माझ्यावर ठेवली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी हात दुसऱ्या पेल्याशेजारी टेकवला आणि अंगठा बोटावर चोळला. एकदा, हळूच. मालकीणबाईंनी पाहिलं का? मान वळवून बघायची माझी हिंमत झाली नाही.

उस्तादांनी पाहिलं. पापणी लवली तेवढंच. मग ते खाली वाकून लिहू लागले. 'दुसरा, लोणी' लिहायला लागावा त्याहून बराच जास्त वेळ त्यांना लागला.

मीही लिहिलं. णीची वेलांटी भलतीकडे गेली.

मालकीणबाईंनी चारही चिठ्ठ्या गोळा केल्या आणि माझ्या हातात दिल्या. "वाच, मावशी. बघू तुझी शाळा."

पहिली त्यांचीच होती, आधीच लिहून ठेवलेलं खरं उत्तर. मग मिस्त्रींची: 'दुसरा. खवट. बाकी दोन आणखी मिळतील का?' मग माझी. उस्तादांची चिठ्ठी उघडली तेव्हा मी अजून हसतच होते. बोट ठेवून एकेक अक्षर जोडत वाचायची माझी रीत. अक्षरं आधी तोंडातून जातात, अर्थ मागून येतो.

"म-ला... वा-स... ये-त... ना-ही," मी मोठ्यांदा वाचलं. "अ-क-रा... व-र्षं. ना-क... बा-ईं-चं... आ-हे."

शेवटच्या शब्दावर पोचले तेव्हा कुठे पहिला शब्द मला कळला. मी कागदाची परत घडी घातली.

"शिडीवरून पडलात तेव्हापासून?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हो. कडू, गोड, बुडबुडा, सगळं कळतं. वास नाही."

"आणि हिला माहीत होतं?"

"नाही. हिला वाटायचं मी मास्तर आहे." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तू खूण केलीस ते बरं नाही केलंस. तुझी नोकरी गेली असती."

"मी पाहिली खूण," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि तरी तुम्ही काय लिहिलंत, तेही आत्ताच ऐकलं."

मिस्त्रींनी हळूच दुसरा पेला दूर सरकवला, जसा काही तोच गुन्हेगार होता.

"सोमवारच्या माणसाला मी नको म्हणून सांगते," मालकीणबाई म्हणाल्या. "पण यापुढे टाकी गार करायच्या आधी पाटीवर दोन सह्या. तुमची आणि मावशीची. दोन नसतील, तर टाकी हलणार नाही. मावशी लेकीकडे गेली, तर टाकी तिची वाट बघेल."

"आणि लेकीला परत जुळं झालं तर?" मिस्त्री म्हणाले.

"तर तुम्ही हुंगा."

त्या संध्याकाळी मी नातीला फोन करून सही कशी करतात ते विचारलं. ती म्हणाली, आपलं नाव भरभर लिहायचं, म्हणजे झाली सही. मला भरभर जमत नव्हतं. उस्ताद आपली सही करून खडू माझ्या हातात द्यायचे आणि माझी होईपर्यंत पाटीपाशी उभे राहायचे.

उस्ताद गेले ते जुळ्यांना पाचवं वर्ष लागलं त्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, आपल्या घरी, झोपेत. तीन नंबरच्या टाकीच्या पाटीवर तेव्हा त्यांची सही होती, माझी व्हायची होती.