हातभर फिल्म

“फोकस! काका, फोकस!”

साठ-सत्तर पोरांचा तो ओरडा अजून माझ्या पत्र्यात घुमतो. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले असत, भिंतीवर पांढरी चादर ताणलेली असे आणि बाकावर मी. मला चालवणारे शाळेचे काका शांतपणे माझं भिंग अर्धा आटा फिरवत. चादरीवरचा धूसर डाग एकदम हत्ती होई. पोरं टाळ्या पिटत. त्या हत्तीसाठी असत, पण मी त्या माझ्याच समजत असे.

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. पोटात दिवा, पाठीवर पंखा आणि घशात एक अरुंद फट. त्या फटीला गेट म्हणतात. फिल्म तिथूनच दिव्यासमोरून सरकते. तिची बारीक पूड गेटमध्ये साचली की फिल्म अडकते, आणि दिव्यासमोर अडकलेली फिल्म जळते. म्हणून काका रोज सकाळी मऊ ब्रशने माझा घसा झाडत आणि गुणगुणत,

“आधी पुसावी खिडकी, मग बघावं चांदणं,
आधी झाडावं यंत्र, मग करावं मागणं.”

पुढे शाळांतून टीव्ही आले. मला कपाटात ठेवलं. वर एक फुटका पृथ्वीगोल, खाली मी. एकोणीस वर्षं कोळ्याने माझ्या पोटात सुखाचा संसार केला. मग एका कलासंग्रहालयाला चालता प्रोजेक्टर हवा झाला. मी सापडलो, आणि मला चालवायला निवृत्त झालेले काकाही सापडले. इथे सगळे त्यांना मामा म्हणतात. खिशात कायम ब्रश, म्हणून पाठीमागे ब्रशमामा.

इथे मी पांढऱ्या खोलीत उंच चौथऱ्यावर बसतो. फिल्मची दोन्ही टोकं जोडलेली असतात. ती माळेसारखी छोट्या चाकांवरून फिरत राहते. फिल्म चार मिनिटांची. गच्चीवर एक बाई आपल्याकडे पाठ करून कपडे वाळत घालते आहे. ही फिल्म करणाऱ्या बाई वयस्क. फिल्ममधली ती त्यांची धाकटी बहीण, आता हयात नसलेली. फिल्म मामांच्या हातात देताना त्या म्हणाल्या होत्या, “एकच प्रत आहे हो. सांभाळा.”

प्रदर्शन उघडायच्या सकाळी मामांनी ब्रश काढला, तेवढ्यात इथल्या क्युरेटर ताई धावत आल्या. कुठली कलाकृती कुठे मांडायची हे त्या ठरवतात आणि लोकांना हिंडवून समजावूनही सांगतात.

“मामा, ब्रश द्या. शेजारच्या खोलीत बाटल्या टांगल्यात ना, सगळ्यांवर धूळ.”

“ताई, आधी मशीन झाडून...”

“एक दिवस नाही झाडलं तर काय आभाळ कोसळतंय?”

ब्रश गेला. पाहुणे यायला दहा मिनिटं होती. मामांनी मला तसंच सुरू केलं. आदल्या दिवशीच्या चाचणीची पूड घशात होतीच. मला ठसका लागला. फिल्म अडकली, तिच्या कडेची भोकं फाटली आणि एक चित्र तपकिरी फोड येऊन जळालं. माझ्याच दिव्याने. मामांनी खराब भाग कापला, टोकं चिकटपट्टीने जोडली. हातभर तुकडा निघाला. हातभर म्हणजे पडद्यावर फक्त अडीच सेकंद. तो त्यांनी भिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि डबी खिशात.

ताईंनी ती फिल्म छायाचित्रं पाहून निवडली होती. चालती प्रथमच पाहत होत्या. ती बहीण मागे वळू लागते आणि चित्र टुण्णकन पुढे उडी मारतं. ताईंचे डोळे चमकले. त्या दिवसापासून फेरीत त्या इथे थांबून सांगू लागल्या, “बघा, चेहरा आपल्याला नाकारलाय. ही गाळलेली जागा हीच खरी कलाकृती.” लोक हळहळत. ते वाक्य भिंतीवरच्या पाटीवरही आलं. एकदा एका आजोबांनी विचारलं, “हा खडखडाटही कलेतच धरायचा का?” मामा म्हणाले, “तो फुकट.” सगळे हसले. पण ताई पाटीकडे वळल्या की मामांना खोकला येई आणि हात खिशातल्या डबीवर जाई. सांगावं, तर ही नोकरी जाणार आणि माझा सहवासही.

एका संध्याकाळी ताई एकट्याच आल्या. मी बंद होतो. फिल्मवरून त्यांनी बोट फिरवलं, एका जागी थांबल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, धूळ बघत असाव्यात.

सहा महिन्यांनी फेरीत सर्वांच्या मागे एक वयस्क बाई उभ्या होत्या. ताईंचं बोलणं संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या,

“मी काही गाळलेलं नाही. इथे माझी बहीण वळून हसते. त्या हसण्यासाठीच तर ही फिल्म केली. ते कुठंय?”

मामांनी बटण दाबून मला थांबवलं.

“बाई, ते माझ्या हातून जळलं. त्या सकाळी मी मशीन झाडलं नव्हतं. जोडून टाकलं आणि गप्प बसलो.”

ब्रश कुणी नेला, हे त्यांनी सांगितलं नाही. खिशातून डबी काढून पुढे केली. “एक चित्र गेलं. बाकीची आहेत. भोकं फाटलीत, मशीनवर चालणार नाहीत. पण उजेडापुढे धरली तर दिसतात.”

बाईंनी तुकडा खिडकीसमोर धरला. एकेक चित्र बोटाने पुढे सरकवू लागल्या. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. “ही बघा,” त्या मामांना म्हणाल्या, “दात पुढे आहेत म्हणून लाजायची.”

मित्रांनो, माझं मागणं लहान आहे. रोजची झाडलोट चुकवू नका. आणि चुकलीच, तर तुकडा खिशात ठेवून हिंडू नका. तो फार जड होतो. मामा त्या दिवशी प्रथमच ताठ उभे दिसले.

ताई मात्र भिंतीवरच्या पाटीकडे बघत होत्या. मग त्यांनी ती खिळ्यावरून उतरवली आणि उलटी करून छातीशी धरली.

“मामा, ब्रश मी नेला होता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नको म्हणत होतात. आणि ती चिकटपट्टी... ती मला पहिल्याच आठवड्यात सापडली होती. पण लोक हळहळत होते ना, म्हणून मीही गप्प बसले.”